‘कारण’ कशाचं? कशामुळे आणि कशावरून

सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: कॉलेजच्या वादस्पर्धेचा विषय आहे ‘केवळ तर्काच्या आधारे अस्तित्वाचे कारण सांगता येते’. तिची मैत्रीण म्हणते, ‘कारण’ हा शब्द इथे चुकलाय. ‘हेतू’ किंवा ‘प्रयोजन’ हवं होतं. यातलं बरोबर कोणतं? आणि मराठीत ‘तर्क’ म्हणजे लॉजिक की अंदाज?

मैत्रिणीचं आधी निकालात काढतो. आजच्या मराठीत हेतू म्हणजे मनातला इरादा. ‘वाईट हेतूने’ म्हटलं की कुणीतरी माणूस आला. ‘अस्तित्वाचा हेतू’ म्हटलंत तर जगाच्या मागे इरादा बाळगणारा कुणीतरी बसलाय हे वादाला तोंड फुटण्याआधीच मान्य केलंत. प्रयोजनाचंही तेच. तेव्हा ‘कारण’ राहू द्या. पण हा शब्द दुतोंडी आहे, आणि विषयाची सगळी गंमत त्या दोन तोंडांत आहे.

आमचं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, भिंतीला भिंत लावून यंत्रमागांचा कारखाना. तो खडखडाट आम्हाला ऐकूच यायचा नाही. थांबला की कळायचं. दुपारी आवाज एकदम बंद पडला की आजी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, “लाईट गेली बघ.” आता ही दोन वाक्यं पाहा.

माग थांबले, कारण लाईट गेली.
लाईट गेली, कारण माग थांबले.

दोन्ही मराठी म्हणून अगदी ठीक आहेत, कुणाच्या कानाला खटकणार नाहीत. पण मागांनी काही लाईट घालवली नाही. पहिल्या वाक्यातलं कारण घटना घडवणारं आहे, दुसऱ्यातलं आजीला कळवणारं. संस्कृतात यांना कारक हेतू आणि ज्ञापक हेतू अशी वेगळी नावं आहेत. विस्तव हा धुराचा कारक, धूर हा विस्तवाचा ज्ञापक. दिशा उलट्या. (आजी एकदा चुकलीही होती. लाईट होती, जेवणाची सुट्टी झाली होती. ज्ञापक हेतू असा फसवतो. नैयायिक, म्हणजे न्याय या जुन्या भारतीय तर्कपरंपरेचे पंडित, त्याला व्यभिचारी म्हणतात, म्हणजे ऐनवेळी साथ सोडणारा.)

नामात हा घोळ असला तरी मराठीच्या प्रश्नशब्दांत तो नाही. आपल्याकडे ‘का’ची अख्खी भावकी आहे: कशाचं, कशानं, कशाला, कशामुळे, कशावरून. तेलुगूतला ‘एंदुकु’ आणि कन्नडमधला ‘याके’ हे दोन्ही चतुर्थीतले, आपल्या ‘कशाला’च्या जवळचे. सोलापुरात तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, म्हणून असेल किंवा नसेल, आमच्याकडे ‘का’पेक्षा ‘कशाला’ जास्त ऐकू येतं. तुमच्या विषयासाठी मात्र शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. कारक हेतू विचारायचा तर आपण ‘कशामुळे’ म्हणतो, ज्ञापक विचारायचा तर ‘कशावरून’. आजीला “लाईट गेली कशावरून?” असं विचारता येतं. “लाईट गेली कशामुळे?” असं विचारलं तर ती म्हणणार, मला काय माहीत, वीजवाल्यांना विचार.

माझं म्हणणं एवढंच, की तर्क ‘कशावरून’चं उत्तर देतो. अमुक मान्य असेल तर त्यावरून तमुक निघतं, हे सांगणं हे त्याचं काम. ‘कशामुळे’ला त्याच्याकडे स्वतःचं भांडवल नाही.

न्यायशास्त्राने ‘कशामुळे’चेही तीन भाग पाडले आहेत, आणि सोलापूरकराला आनंद व्हावा असं त्यांचं उदाहरण आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्याय शिकणाऱ्यांच्या पहिल्या पुस्तकात, कापड घेतलंय. तंतू हे कापडाचं समवायी कारण, तंतूंचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण, आणि विणकराची तुरी-वेमा वगैरे हत्यारं हे निमित्त कारण. आपल्या भाषेत चादरीचं सूत, ताण्याबाण्याची गुंफण, आणि धोटा फेकणारा माग. एका चादरीला हे तिन्ही लागू पडतं. सुताला विचारा, कापूस निघेल. कापसाला विचारा, सरकी निघेल. आता प्रश्न जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंविषयी विचारा. सूत कुठून आणणार? जे आणाल ते ‘सगळ्या’मध्ये आधीच मोजलेलं असणार.

नैयायिकांना हे दिसत होतं असं वाटतं, कारण त्यांनी कार्याची व्याख्याच अशी केली की ज्याचा प्रागभाव होता, म्हणजे जे आधी नव्हतं आणि मग झालं, ते कार्य. परमाणू त्यांच्या मते नित्य, म्हणून परमाणूंना कारण विचारायचं नाही. ईश्वरही त्यांच्याकडे निमित्त कारण आहे, मागावरच्या विणकरासारखा. सूत त्याने निर्माण केलेलं नाही. शिवाय त्यांच्या मते अभाव कधी सुटा नसतो. कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. कपात साखर नाही म्हणायला साखर काय ते माहीत पाहिजे आणि कप हातात पाहिजे. ‘काहीच नाही’ या वाक्यात कप कुठला?

हे उत्तर जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सला पटलं नसतं. ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ हा प्रश्न त्या रूपात त्याने 1714 मध्ये मांडला, आणि वर म्हणाला की काही असण्यापेक्षा काही नसणं सोपं. नित्य म्हणून सुटका नाही, हेही त्याने आधीच, 1697 मध्ये, एका दाखल्याने दाखवलं होतं. भूमितीचं एक पुस्तक अनादी काळापासून एकावरून एक उतरवलं जातंय असं समजा. प्रत्येक प्रतीचं कारण आधीची प्रत. पण असं पुस्तक मुळात का, हे त्या रांगेतली एकही प्रत सांगत नाही. दाखला बिनतोड आहे. मात्र त्याला हवं होतं ते आपलं ‘कारण’ नव्हे. त्याला मराठीत चांगला शब्द आहे, उपपत्ती, म्हणजे एखादी गोष्ट अशीच का याचा बुद्धीला पटेल असा खुलासा. उत्पत्ती कधी झाली नसली तरी उपपत्ती मागता येते.

आता ‘अस्तित्व’. संस्कृत ‘अस्ति’ या क्रियापदाच्या रूपाला थेट ‘त्व’ चिकटवून झालेला हा शब्द, आस्तिक-नास्तिकांचा सख्खा भाऊ. पण मराठीत आणखी एक सोय आहे. ‘अस्’चं वर्तमान आपण दोन रूपांत वापरतो: आहे आणि असतो. ‘राक्षसाला शिंगं असतात’ हे कुणीही बोलून जातो, एकही राक्षस नसला तरी वाक्य खपतं. ‘राक्षसाला शिंगं आहेत’ म्हणालात की समोरचा विचारतो, कुठल्या? ‘असतं’ जातीविषयी, लक्षणाविषयी बोलतं. ‘आहे’ला समोर काहीतरी लागतं. निव्वळ तर्क ‘असतं’च्या वाक्यांवर झकास चालतो. त्यातून ‘आहे’ काढायचा सर्वात नावाजलेला प्रयत्न, देव आहे हे सिद्ध करण्यासाठी केलेला, ख्रिस्ती धर्मपंडित ॲन्सेल्मचा, 1078च्या आसपासचा: ज्याहून मोठं कल्पिताच येत नाही असं जे, ते नुसतं मनात असून चालणार नाही, म्हणून ते आहे. मराठीत हा युक्तिवाद हळू वाचून बघा. ‘परिपूर्ण वस्तू खरोखरीची असते’ इथपर्यंत पाय घसरत नाही, पुढच्या ‘म्हणून ती आहे’ला घसरतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्ये तोच सांधा पकडला: मनातले शंभर थालर (तेव्हाचं जर्मन नाणं) आणि खिशातले शंभर थालर यांच्या मोजणीत एका थालरचाही फरक नसतो, फरक फक्त खिशाला पडतो.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. गणितवाले ‘सम मूळसंख्या एकच आहे’ असं ‘आहे’ लावूनच बोलतात, आणि ते सिद्धही करतात. पण संख्या आधी हिशेबात धरून.

‘तर्क’चं काय? मराठीत दोन्ही अर्थ जिवंत आहेत. ‘माझा आपला तर्क’ म्हणजे अंदाज, ‘तर्काला धरून’ म्हणजे लॉजिक. ‘तर्कट’ तर सरळ शिवी. जुन्या न्यायात त्याचा अर्थ आणखी अरुंद: ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ अशी ‘तर’ची चाल. तर्कसंग्रहाने त्याला प्रमाणांत, म्हणजे खऱ्या ज्ञानाच्या साधनांत, जागा दिलेली नाही, संशय आणि विपर्यय (चुकीचं ज्ञान) यांच्या पंगतीला बसवलंय. आजच्या लॉजिकला तर्कशास्त्र म्हणतात, तोच अर्थ स्पर्धेवाल्यांना अभिप्रेत असणार.

त्या आजच्या लॉजिकमध्ये, गंमत म्हणजे, ‘निदान एक वस्तू आहे’ हे वाक्य सिद्ध करता येतं. विरोधी बाजू बेसावध असेल तर गारद होईल. पण ते सिद्ध होतं, कारण ज्या वस्तूंविषयी बोलायचं तो समूह रिकामा नाही असं नेहमीच्या पद्धतीत सुरुवातीलाच धरलेलं असतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने 1919 मध्ये हे तर्कशास्त्राच्या शुद्धतेतलं वैगुण्य मानलं. रिकामा समूह चालवून घेणारी तर्कशास्त्रं पुढे झाली. त्यांत ही सिद्धता उभी राहत नाही.

स्पर्धेत विरोधाची बाजू आली असेल तर कशामुळे-कशावरून पुरे आहे. समर्थनाची आली असेल तर पहिल्याच मिनिटाला ‘कारण म्हणजे आम्ही इथे उपपत्ती समजतो’ असं वदवून घ्या. नाहीतर समोरचा उठून सूत कुठलं ते विचारणार, आणि सोलापूरच्या सभागृहात त्या प्रश्नाला टाळ्या पडणार.