ओवा, एरंडेल आणि अडलेलं आतडं

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. शाळेत असताना अपेंडिक्स फुटून तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. हल्ली अधूनमधून पोटात कळ येते. गॅस समजून आम्ही ओवा देतो. शेजारीण एरंडेल द्या म्हणते. द्यावं का? जुन्या ऑपरेशनचा हा त्रास असेल का?

उत्तर : एरंडेल अजिबात नको. आतडं कुठे अडलं असेल, तर जुलाबाच्या औषधाने अडथळ्यामागचा दाब वाढतो, शिवाय गर्भपिशवीही चाळवते. चिमूटभर ओव्याने सहसा नुकसान नाही, पण त्यावर विसंबून दिवस काढू नका. याच आठवड्यात तपासून घ्या.

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या आतल्या अस्तराला चिकटतात. वाढती गर्भपिशवी आतड्यांना वर ढकलते आणि एखादा वेढा त्या चिकटलेल्या पट्ट्याखाली अडकतो किंवा पिळला जातो. हे क्वचितच घडतं, पण गॅस किंवा प्रसूतीकळा समजून वेळ जातो, हे खरं दुखणं.

गॅसची कळ वारा सरला की उतरते. अडलेल्या आतड्याची कळ दर चार-पाच मिनिटांनी लाटेसारखी येते, उलटी आधी अन्नाची आणि मग हिरवी होते, पोट फुगतं, वारा सरणं थांबतं. कळ येताना पोटावर हात ठेवून पाहा : प्रसूतीकळेत गर्भपिशवी दगडासारखी घट्ट होते. एकदा शौचाला झाली म्हणून निर्धास्त राहू नका. अडथळ्याच्या खालचा भाग रिकामा होतोच. कळा थांबून दुखणं सलग झालं, ताप आला, नाडी धावू लागली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. रक्ततपासणी इथे फसवते, कारण गरोदरपणात पांढऱ्या पेशी एरवीही 15 हजारांपर्यंत जातात.

अशी लक्षणं दिसली तर तोंडाने काहीही न देता तिला थेट हॉस्पिटलात न्या. तिथे नाकातून रायल्स ट्यूब (जठरात साचलेलं बाहेर काढणारी नळी), सलाईन, डाव्या कुशीवर झोपवणं. एक्स-रेला घाबरून नकार देऊ नका. पोटाच्या एका फोटोत बाळापर्यंत 3 मिलिग्रेहून (मिलिग्रे हे किरणांचं माप) कमी किरणं पोचतात. 50 मिलिग्रेच्या आत बाळाला व्यंगाचा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. पीळ असेल तर ऑपरेशन लगेच लागतं, पण त्यासाठी सिझेरियन करावंच लागतं असं नाही.

सर्जन आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग दोन्ही असलेलं हॉस्पिटल आत्ताच पाहून ठेवा. अपेंडिक्सच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड सापडलं, तर तिच्या फाइलला लावा.