कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन लागेलच

सिव्हिल संपलं, आता पर्यावरण अभियांत्रिकीत मास्टर्स करायला जर्मनीत यायचंय, कोर्स इंग्रजीतच आहे, मग जर्मन शिकावं लागेल का, असं तू विचारलंस. लागेल. आणि इथे आल्यावर नाही, आजपासून.

वर्गात तुझं फारसं अडणार नाही. श्टुटगार्ट विद्यापीठाच्या ‘वेअरेम’सारखे (जलसंपत्ती अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचा मास्टर्स) कोर्स इंग्रजीत चालतात. अडतं ते प्लांटवर. पहिल्याच सेमिस्टरला आमचं प्रॅक्टिकल सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर होतं. एअरेशन टँकमधला, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतला, जीवाणूंचा गाळ एक लिटरच्या मोजपात्रात भरायचा आणि 30 मिनिटं बघत बसायचं. गाळ चांगला असेल तर तपकिरी थर खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. आमचा बसेचना, अर्ध्या तासानंतरही 800 मिलीच्या खुणेवरच. मी आकडा वहीत टिपला. शेजारचे ऑपरेटर पात्र उजेडात धरून बराच वेळ काही समजावत होते. तंतुमय जीवाणू माजलेत म्हणून गाळ बसत नाही, हे मला नंतर मायक्रोस्कोपखाली दिसलं. ते का माजले, हे त्यांनी तिथेच सांगितलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य मला कळलं नव्हतं. त्याची खंत अजून वाटते.

नोकरीचंही तसंच. कामं आहेत: एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या क्षमतेच्या केंद्रांना 2029पासून गाळातला फॉस्फरस परत मिळवावा लागणार आहे, आणि युरोपीय संघाच्या नव्या निर्देशामुळे औषधांचे अंश काढणारा प्रक्रियेचा चौथा टप्पाही येतोय. पण टेंडर, नगरपालिकेची पत्रं, साइटवरची बोलणी, सगळं जर्मनमध्ये. डिझाइन ऑफिसात बी2 (भाषेच्या ए1 ते सी2 या पातळ्यांमधली चौथी) धरूनच चालतात. शिक्षणानंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, ते भाषेच्या क्लासात घालवू नकोस.

पैशाचं थोडक्यात सांगते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो फी पडते. बऱ्याच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत फक्त सेमिस्टर शुल्क असतं, पण म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने आता फी लावलीय, तेव्हा प्रत्येक ठिकाणचं नीट वाच. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं. ते शक्यतो सांडपाण्याच्या लॅबमध्ये मिळव, कॅफेपेक्षा पैसे कमी मिळाले तरी.

एपीएस प्रमाणपत्राला, म्हणजे तुझी भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याला, वेळ लागतो. गुणपत्रिका हातात आल्या की सगळ्यात आधी तो अर्ज कर, आणि त्याच आठवड्यात जर्मनच्या पहिल्या पातळीचा, ए1चा क्लास लाव.