गड्ड्याच्या आधी कॅमेरा बदलू का?

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्याकडे वडिलांनी घेतलेला निकॉन एफएम१० आहे, सोबत ३५-७० झूम आणि एक जुनी ५० एमएम १.८ मॅन्युअल लेन्स. दरवर्षी सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांचे चार-पाच रोल काढतो. पण रोल महाग झालाय, धुवायला पुण्याला पाठवावा लागतो, फोटो हातात येईपर्यंत गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, उठून गेलेला असतो. त्यात उजेड मोजणाऱ्या मीटरचे दिवे कधी लागतात कधी नाही. बजेट तीस हजार, त्यात सेकंडहँड चालेल. मित्र म्हणतोय जुनं सगळं विक आणि किट लेन्सवाला (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती साधी लेन्स) छोटा डिजिटल डीएसएलआर घे. काय करू?
– एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : आधी कॅमेऱ्याच्या बुडाचं गोल झाकण नाण्यानं फिरवून उघडा की ओ. आत दोन एलआर४४ बटनसेल असतात ते बदला, आणि सेल जिथं टेकतात ती जागा पोराच्या कंपासातल्या खोडरबरानं घासा, हिरवट-पांढरं काही धरलं असेल तर निघून जाईल. मीटरचं दुखणं बऱ्याचदा एवढंच असतं. आणि सेल मेले म्हणून एफएम१० अडून बसत नाही, शटर मेकॅनिकल आहे, मीटरशिवाय सगळे स्पीड चालतात. त्यामुळं विकायच्या भानगडीत पडूच नका, जे पैसे येतील ते बघून घरात वडिलांना तोंड दाखवायची चोरी होईल.

आता मित्राचा सल्ला. तो चुकीचा नाहीये पण तुमच्यासाठी नाहीये. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, १९५९ पासून तोच आहे, म्हणून तुमची ५० एमएम डी३००० किंवा डी५००० घराण्यातल्या छोट्या बॉडीवरही (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) बसेल, फोटोही निघेल, पण मीटर एक शब्द बोलणार नाही, सगळं अंदाजपंचे. कारण लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग (उजेड आत सोडणारं भोक लहान-मोठं करते ती) कुठं फिरवलीय हे बॉडीला कळवणारा जो बारीक खटका माउंटच्या कडेला असतो तो ह्या स्वस्त बॉड्यांमधून काढून टाकलाय. डी७०००, डी७१००, डी७२०० ह्यांच्यात तो खटका आहे. गंमत म्हणजे त्यांच्यानंतर आलेल्या डी७५०० मध्ये नाही, म्हणजे नवीन मॉडेल आहे म्हणून चार पैसे जास्त टाकाल आणि जुन्या लेन्सचं मीटर घालवून बसाल. दुकानदार हे सांगत नाही, बहुतेकांना माहीतच नसतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे, सेकंडहँड डी७२०० ची नुसती बॉडी बघा, घासाघीस करून बजेटात बसली तर उत्तम, नाहीतर डी७०००, तो आरामात बसतो. मेनूत जाऊन नॉन-सीपीयू (म्हणजे आत चिप नसलेली) लेन्स डेटामध्ये ५० एमएम आणि १.८ भरा, मोड ए वर ठेवा, रिंग हातानं फिरवा, स्पीड बॉडी ठरवेल. फोकस मात्र तुम्हालाच करायचाय आणि इथं थोडं वाईट वाटणार, एफएम१० च्या खिडकीत मधोमध तो दुभंगलेला गोल दिसतो ना, तो ह्यात नाही. त्याऐवजी खाली हिरवा ठिपका लागतो. आठवडाभर चिडचिड होईल मग सवय होते.

दुसरी अडचण गल्लीतली. ह्या बॉड्यांचा सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, दीडपटीचा हिशोब, म्हणजे तुमची ५० ही ७५ सारखी दिसणार आणि ३५-७० ची साधारण ५२-१०५ होणार. हिरेहब्बू वाड्यासमोर उभं राहून नंदीध्वजाची एवढी उंच काठी फ्रेममध्ये घ्यायचीय, मागं सरकायला जागा नाही, पाठीला भिंत आणि खांद्यावर कुणाचं तरी पोरगं, तिथं ७५ काय कामाची? म्हणून थोडे पैसे राखून १८-५५ किट लेन्स सेकंडहँड घ्या, त्यावर एएफ-एस लिहिलेलं हवं. एएफ-पी लिहिलेली स्वस्तात दिली तरी डी७००० असेल तर नको, त्यावर ती फोकसच करत नाही.

पुढं कधी पैसे जमले तर कुठली घेऊ असं तुम्ही विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो, एएफ ५० एमएम १.८डी. शेवटचा डी महत्त्वाचा. हिला अ‍ॅपर्चर रिंग आहे म्हणून एफएम१० वर चालते, आणि डी७००० किंवा डी७२०० वर ऑटोफोकसही करते कारण फोकसची मोटर त्या बॉडीतच आहे. छोट्या बॉड्यांमध्ये ती मोटरही नाही. शेवटी डीऐवजी जी लिहिलेली ५० घेतलीत तर तिला रिंगच नाही, एफएम१० वर लावली की कायम सगळ्यात बारीक अ‍ॅपर्चरवर अडकून बसणार. एकच लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर, ह्याच्याइतकी स्वस्त अपग्रेड मला तरी माहीत नाही. फक्त डिजिटलवर लावताना रिंग २२ वर नेऊन खटका लॉक करायचा. मी हे विसरलो होतो चुलतभावाच्या हळदीत, स्क्रीनवर एफईई असं काहीतरी यायला लागलं, शटर दबेना, मी बॅटरी काढतोय घालतोय, आत्या हळदीचा हात घेऊन थांबलीय आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडं बघतंय. रिंग ११ वर होती, बस्स.

सेकंडहँड बघायला जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या, एक फोटो काढा, घरी येऊन फाइलच्या माहितीत शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उडालंय ते, बघा. ह्या दोन्ही बॉड्यांचं शटर कंपनीनं दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे, लग्नवाल्याकडचा कॅमेरा असेल तर तो आकडा गाठलेलाही असतो. लेन्समधून मोबाइलची बॅटरी आरपार मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं की परत द्या, ती बुरशी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती कमी धरते पण लेन्स मुंबई-कोकणातनं फिरून आलेली असू शकते. आपल्याकडं त्रास धुळीचा, यात्रेत होम मैदानावर लेन्स बदलू नका म्हणजे झालं.

आणि एक, फिल्मवरून आलेला माणूस इथंच फसतो. पांढऱ्या बाराबंदीतली (बंद बांधायचा अंगरखा) माणसं भर उन्हात, संमती कट्ट्यावर अक्षता चाललीय, फ्रेम सगळी पांढरी. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, तो फोटो काळपट करतो आणि बाराबंदी धुतल्यावर निळ टाकायची राहिल्यासारखी मळकट दिसते. आजवर हे तुम्हाला जाणवलं नाही कारण प्रिंट काढताना लॅबवाला सुधारून द्यायचा. आता लॅबवाले तुम्हीच. एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) पण त्याच्यापुढं जपून, निगेटिव्ह जास्त उजेड पचवते, सेन्सर नाही पचवत, पांढरं एकदा जळलं की त्यातली कापडाची चुणी परत येत नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं न आवळलेली मूळ फाइल) काढा आणि हायलाइटची लुकलुक चालू ठेवा, जळालेली जागा स्क्रीनवर लुकलुकते ती.

पैसे वसूल होतील ते होमाच्या रात्री. आजवर ४०० आयएसओचा रोल घालून श्वास रोखून उभे राहायचात ना, डी७२०० वर ३२०० आयएसओ बिनधास्त लावा, थोडे दाणे येतात, येऊ देत.

फिल्मच सोडवत नसेल तर ऑटोफोकसवाला एफ१०० शोधा, तो तुमच्या जुन्या लेन्सचंही मीटर करतो. एफ८० स्वस्त दिसेल पण मॅन्युअल लेन्सवर त्याचं मीटर बंद. तसंही रोलचा खर्च आहे तिथंच राहणार, म्हणून माझं मत डिजिटलच.

प्रश्न : आजोबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ सापडलाय, त्याची बॅटरी कुठंच मिळत नाही. टाकून देऊन नवीन काही घेऊ का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : टाकू नका. त्याची मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची पाऱ्याची होती, ती बंद झाली. ६ व्होल्टची ४एलआर४४ आणा, ती बारीक आहे म्हणून भोवती पुठ्ठ्याची सुरळी करा आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग घाला. बॅटरीशिवायही शटर चालतं पण फक्त १/५०० वर, म्हणजे भर दुपारी अंगणात एखादा रोल तसाच टाकून बघा, उजेड आत शिरतोय का तेवढं तरी कळेल. मागच्या दाराचा काळा फोम हाताला डांबरासारखा चिकटत असेल तर तो आधी बदला.