अमेरिकी नौदलाची व्हीएक्स-२३ ही विमानांच्या चाचण्या करणारी स्क्वॉड्रन नेमकी कधीची, १९४३ ची की २००२ ची? आणि तिने आजवर केलं काय?

दोन्ही साल बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या गोष्टींची आहेत. १ एप्रिल १९४३ ला मेरीलँड राज्यातला पॅटक्संट रिव्हर हा नौदलाचा हवाई तळ सुरू झाला. व्हीएक्स-२३ हे नाव मात्र २००२ सालचं. मधली जवळजवळ साठ वर्षं हेच काम, याच तळावर, वेगवेगळ्या पाट्यांखाली चालू होतं. पाट्यांचा हिशेब आधी उरकून टाकतो, कारण सांगण्यासारखं जे आहे ते कामात आहे.

तळ होण्याआधी नौदलाच्या विमानांच्या चाचण्या अ‍ॅनाकॉस्टिया, डालग्रेन, नॉरफोक, फिलाडेल्फिया अशा ठिकाणी विखुरलेल्या होत्या. युद्धात विमानांची संख्या वाढली तशी ही विभागणी परवडेनाशी झाली आणि चेसापीक उपसागराच्या काठावर सगळं एकत्र आणलं गेलं. १६ जून १९४५ ला तिथे 'नेव्हल एअर टेस्ट सेंटर' स्थापन झालं. टेस्ट पायलट घडवण्याचे वर्गही त्याच साली सुरू झाले. आजच्या टेस्ट पायलट स्कूलचं मूळ ते. मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेच्या सात अंतराळवीरांपैकी शेपर्ड, ग्लेन, शिर्रा आणि कार्पेंटर हे चौघं इथलेच विद्यार्थी.

१९७५ पर्यंत कामाची वाटणी विषयानुसार होती: उड्डाण, शस्त्रप्रणाली, देखभाल असे विभाग, आणि एकच विमान या दारातून त्या दारात फिरायचं. १९७५ मध्ये वाटणी विमानाच्या प्रकारानुसार झाली. लढाऊ विमानांचा एक विभाग, पाणबुडीविरोधी विमानांचा दुसरा, हेलिकॉप्टरांचा तिसरा. यातल्या पहिल्याला १९९५ मध्ये स्क्वॉड्रनचा दर्जा मिळाला आणि २००२ मध्ये व्हीएक्स-२३ हा क्रमांक. टोपणनाव 'साल्टी डॉग्ज'. मोठ्या विमानांसाठी व्हीएक्स-२० आणि हेलिकॉप्टरांसाठी एचएक्स-२१ या तिच्या सख्ख्या बहिणी, तिघी एकाच तळावर.

गोंधळ होतो तो 'व्हीएक्स' या अक्षरांमुळे. ही अक्षरं नौदलात १९४० च्या दशकापासून आहेत, पण तेव्हा ती दुसऱ्याच जातीच्या स्क्वॉड्रनना मिळायची. व्हीएक्स-१ चं मूळ असलेली पाणबुडीविरोधी तुकडी ऱ्होड आयलंडमधल्या क्वॉन्सेट पॉइंटला स्थापन झाली तीसुद्धा नेमकी १ एप्रिल १९४३ ला! त्यामुळे जिथे 'व्हीएक्स, १९४३' असं वाचाल तिथे तळाबद्दल बोलतायत की व्हीएक्स-१ बद्दल, हे आधी तपासा. कॅलिफोर्नियात व्हीएक्स-४ पॉइंट मुगूला क्षेपणास्त्रांवर काम करायची, व्हीएक्स-५ चायना लेकला बॉम्बफेकीवर. १९९४ मध्ये त्या दोघींची मिळून व्हीएक्स-९ झाली.

फरक असा. व्हीएक्स-२३ करते ती विकासचाचणी. विमान ठरवल्याप्रमाणे उडतं का, त्याच्या मर्यादा किती आणि त्या ओलांडल्या तर काय होतं, हे ती शोधते. व्हीएक्स-१ आणि व्हीएक्स-९ वापरचाचणी करतात. साध्या स्क्वॉड्रनच्या हाती दिलं तर हे विमान लढाईत कामाचं आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न, आणि त्यांचा अहवाल विमान विकसित करणाऱ्या खात्याकडे न जाता स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जातो. माझ्या मते ही फारकत हीच या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात शहाणपणाची गोष्ट आहे.

आता काम. जमिनीवरच्या चाचणीकेंद्रापेक्षा इथे एक विषय जास्तीचा असतो: विमानवाहू नौका. २१ जुलै १९४६ ला लेफ्टनंट कमांडर जेम्स डेव्हिडसनने मॅकडॉनेल कंपनीचं एक्सएफडी-१ फँटम हे जेट 'फ्रँकलिन डी. रूझवेल्ट' या नौकेवर उतरवलं आणि उडवलं. अमेरिकेसाठी हे पहिलं होतं. जगात पहिलं नव्हे. ब्रिटिश नौदलाच्या एरिक ब्राउनने ३ डिसेंबर १९४५ ला 'ओशन'वर व्हॅम्पायर उतरवून तो मान आधीच घेतला होता. तिरका डेक, विमान फेकून उडवणारा वाफेचा कॅटापल्ट आणि उतरताना वैमानिकाला योग्य उतारमार्ग दाखवणारा आरसा या तिन्ही कल्पनाही ब्रिटिशांच्याच. अमेरिकनांनी त्या घेतल्या, भरपूर चाचण्या केल्या आणि भराभर ताफ्यात आणल्या. आरशाची अमेरिकी चाचणी २२ ऑगस्ट १९५५ ला 'बेनिंग्टन'वर झाली, ती व्हीएक्स-३ या वेगळ्या स्क्वॉड्रनने केली, पॅटक्संटने नव्हे. हे श्रेय बरेचदा चुकीच्या खात्यावर जमा होतं.

पॅटक्संटचा सर्वात अचाट प्रयोग ऑक्टोबर १९६३ चा. चार इंजिनांचं केसी-१३०एफ हर्क्युलिस मालवाहू विमान 'फॉरेस्टल' या नौकेवर उतरवायचं, तेही नेहमीसारखा शेपटीखालचा हुक डेकवरच्या तारेत अडकवून न थांबवता. वैमानिक होते लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली तिसरे. बदल अगदी मोजके केले: पंखांखालच्या इंधन देणाऱ्या पॉड काढल्या, पुढच्या चाकाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं छिद्र बदललं आणि ब्रेक सुधारले. डेकवरच्या मनोऱ्यापासून पंखाचं टोक १५ फुटांपेक्षाही कमी अंतरावरून जायचं. युक्ती अशी की चाकं टेकण्याच्या किंचित आधीच इंजिनांच्या पंख्यांच्या पात्यांचा कोन बदलून जोर उलट्या दिशेला वळवायचा. ८५,००० पौंड वजनाला विमान २६७ फुटांत थांबलं. १,२१,००० पौंडांना थांबायला ४६० फूट लागले आणि उडायला ७४५ फूट, कॅटापल्टविना. एकूण २१ वेळा पूर्ण थांबून उतरलं आणि २१ वेळा उडालं. एवढं होऊनही कल्पना बाजूला ठेवली गेली, कारण हर्क्युलिस डेकवर असताना बाकीच्या विमानांची ये-जा थांबवावी लागते. विमानाला जमतं आणि नौकेला परवडतं, या दोन गोष्टी वेगळ्या. चाचणी दोन्हींची असते.

नव्या लढाऊ विमानाची नौकेवरची पात्रता कशी तपासतात, तेही थोडक्यात. सुरुवात समुद्रावर होतच नाही. पॅटक्संटला जमिनीवरच कॅटापल्ट आणि अडवणारी तार बसवलेली आहे. न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला तशीच दुसरी सोय आहे. आधी विमान नुसतं धावपट्टीवरून पळवत तारेत नेतात. मग हवेतून येऊन उतरतात. मग मुद्दाम वाईट उतरतात: तारेच्या मध्यापासून बाजूला, एक पंख खाली ठेवून, नाक तिरकं ठेवून, आणि सेकंदाला २० फुटांहून जास्त वेगाने खाली आपटून. चाकं टेकण्याआधीच हुक तारेत अडकला तर नाकाचं चाक किती जोरात आदळतं, हेही बघतात. सांगाड्यावर ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि आकडे लगेच जमिनीवरच्या खोलीत दिसतात. एका टप्प्याचा ताण हिशेबाशी जुळल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावत नाहीत. घाई झाली की हाच नियम आधी मोडतो, म्हणून तो वैमानिकाच्या हातात न ठेवता खोलीतल्या इंजिनिअरच्या हातात ठेवलेला असतो.

कॅटापल्टकडे वेगळ्या भानगडी. फटीतून गळणारी वाफ इंजिनात ओढली गेली तर कॉम्प्रेसर अडखळतो, म्हणून विमान वाफेत उभं करून पूर्ण शक्ती देऊन बघतात. आफ्टरबर्नरची, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणाऱ्या भागाची, ज्वाला मागच्या उचललेल्या पोलादी ढालीवर आपटून परत आली तर शेपटी आणि मागे उभं असलेलं विमान किती तापतं, तेही मोजतात. आणि किमान वेगाची चाचणी. दर फेकीला टोकाचा वेग थोडा थोडा कमी करत जायचं आणि डेक संपल्यावर विमान किती खाली बसतं ते मोजायचं. साधारण १० फूट बसलं की थांबायचं. डेक पाण्यापासून जेमतेम ६० फुटांवर असतो, हे लक्षात घ्या. त्या किमान आकड्यावर १५ नॉट चढवून जो आकडा येतो तो रोजच्या वापरासाठी पुस्तकात जातो.

उतरण्यासाठी एक जुना निकष आहे: शक्ती न बदलता, नुसतं नाक उचलून, विमानाला ५ सेकंदांत ५० फूट वरच्या उतारमार्गावर जाता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर येण्याचा वेग वाढवावा लागतो; वेग वाढला की तारेवरचा भार वाढतो, आणि मग किती इंधन व शस्त्रं घेऊन परत उतरता येईल ते घटतं. एका आकड्याने दुसरा ओढला जातो, तो असा.

आता दोन बिघाड जरा जवळून.

पहिला एफ/ए-१८ई सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानाचा. १९९५ च्या नोव्हेंबरात त्याचं पहिलं उड्डाण झालं आणि १९९६ मध्ये पॅटक्संटला दिसलं की ध्वनीच्या वेगाच्या थोडं खाली जोरात वळताना एक पंख अचानक पडतो; कधी कधी विमान ६० अंशांपर्यंत कलतं. दोन्ही पंखांवरची हवा सुटते, पण एकाच क्षणी सुटत नाही, हे कारण. समोरच्या विमानावर नेम धरलेला असताना असं झालं तर नेम गेलाच. पंखाच्या पुढच्या फ्लॅपचं वेळापत्रक सॉफ्टवेअरमध्ये बदललं तेव्हा त्रास कमी झाला, गेला नाही. शेवटी पंख जिथे दुमडतो त्या सांध्यावरचं झाकण जाळीदार केलं. त्यातून हवेचा दाब वरखाली थोडा झिरपतो आणि झटका विरतो. बदल्यात पंखाला थोडी थरथर आली, आणि ती चालवून घेतली गेली.

दुसरा एफ-३५सी या लढाऊ विमानाच्या हुकाचा. २०११ मध्ये लेकहर्स्टला विमान आठ वेळा तारेवरून पळवलं आणि आठही वेळा हुकाने तार पकडली नाही. कारण सोपं होतं, उपाय सोपा नव्हता. रडारला दिसू नये म्हणून हुक पोटात झाकावा लागला, त्यामुळे तो मागच्या चाकांपासून जेमतेम ७ फुटांवर आला. चाकं तारेवरून जातात तेव्हा तार डेकवर दाबली जाते आणि मग उसळून वर येते. हॉर्नेटमध्ये हे अंतर बरंच जास्त असल्याने तार हुक येईपर्यंत सावरलेली असते. इथे १३० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे २२० फूट, या वेगाने ७ फूट कापायला सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. तार अजून डेकला चिकटलेलीच असते आणि बोथट टोकाचा हुक तिच्यावरून निघून जातो. हुकाचं टोक जास्त धारदार करून तारेखाली शिरेल असं केलं, आणि तो डेकवर उडू नये म्हणून दाबून धरणारा डॅम्पर सुधारला. ३ नोव्हेंबर २०१४ ला व्हीएक्स-२३ चे वैमानिक कमांडर टोनी विल्सन एफ-३५सी घेऊन 'निमित्झ' या नौकेवर उतरले. त्या फेरीत १२४ वेळा तारेने थांबले आणि नको असताना तार एकदाही चुकली नाही. ज्या विमानाच्या हुकाची तीन वर्षं चेष्टा चालली होती त्याने हे करून दाखवलं.

बाकीचं भराभर सांगतो. २०१० च्या डिसेंबरात विद्युतचुंबकी कॅटापल्टने फेकलेलं पहिलं विमान याच स्क्वॉड्रनचं सुपर हॉर्नेट होतं. त्या कॅटापल्टचा धक्का वाफेपेक्षा मऊ असेल अशी अपेक्षा होती, पण पंखाखाली इंधनटाक्या लावल्या की सांगाड्यावर नको तेवढा ताण येतो असं पुढे आढळलं, आणि तो दोष सॉफ्टवेअरने काढावा लागला. १० जुलै २०१३ ला वैमानिकाशिवायचं एक्स-४७बी 'जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश'वर दोनदा उतरलं. तिसऱ्या वेळी त्याच्या दिशादर्शक संगणकांपैकी एकात बिघाड झाला, ते त्याने स्वतःच ओळखलं आणि किनाऱ्यावरच्या वॉलप्स तळाकडे वळालं. लोक दोन लँडिंगचं कौतुक करतात. मला त्या दिवशीचं खरं यश हे तिसरं वाटतं. एप्रिल २०१५ मध्ये त्याच नौकेवर 'मॅजिक कार्पेट' या सॉफ्टवेअरची चाचणी झाली. त्यात वैमानिकाने स्टिक हलवली की फ्लॅपच थेट उचल कमी-जास्त करतात, त्यामुळे उतरताना कराव्या लागणाऱ्या असंख्य बारीक दुरुस्त्या मोजक्या उरतात.

फोटोत विमान कुठल्या स्क्वॉड्रनचं ते ओळखायचं असेल तर शेपटीवरची अक्षरं बघा. 'एसडी' असेल तर व्हीएक्स-२३, 'एक्सई' असेल तर व्हीएक्स-९, 'डीडी' असेल तर चायना लेकची व्हीएक्स-३१. नाकावर लांब दांडी किंवा शेपटीजवळ गिरकीतून सोडवणारी छत्री दिसली, तर ते विमान विकासचाचणीचं आहे असं धरायला हरकत नाही. वापरचाचणीची विमानं सहसा ताफ्यातल्यासारखीच साधी दिसतात.