वाचकांचे प्रश्न : ‘रिक्रूटिंग क्लास’चा क्रमांक कसा लागतो?

प्रश्न : माझी भाची टेक्सासमधील एका विद्यापीठात शिकते. दर हिवाळ्यात ती मोठ्या उत्साहाने कळवते की, आमच्या फुटबॉल संघाचा ‘रिक्रूटिंग क्लास’ यंदा देशात अमुक क्रमांकावर आला. मी पुण्यात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे, दशांश चिन्हापुढे चार-चार आकडे असलेले हे गुण पाहून कुतूहल वाटते. ज्या मुलांनी विद्यापीठाकडून अद्याप एकही सामना खेळलेला नाही, त्यांच्या तुकडीला गुण कोण देते आणि कसे? जास्त मुले घेणारा संघ आपोआप वर जात नाही का?
— एक निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नातच या क्रमवारीची खरी अडचण सामावलेली आहे. मात्र तिच्याकडे वळण्यापूर्वी पहिल्या प्रश्नाचा उलगडा व्हायला हवा.

अमेरिकी फुटबॉलमध्ये शालेय शिक्षण संपवून एका वर्षी एका विद्यापीठात दाखल होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या तुकडीला रिक्रूटिंग क्लास म्हणतात. या तुकड्यांची क्रमवारी कोणतीही शासकीय किंवा क्रीडा संस्था लावत नाही. ते काम २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स (२०२५ पासून ऑन३च्या मालकीची), ईएसपीएन अशा खासगी माध्यमसंस्था करतात. त्यांचे निरीक्षक शाळेच्या सामन्यांची चित्रफीत पाहतात, सराव शिबिरांत मुलांचा वेग आणि हालचाली टिपतात, उंची, वजन व शरीराच्या वाढीचा अंदाज घेतात आणि प्रत्येक मुलाला गुण व तारे देतात. प्रत्येक संस्थेची मोजपट्टी वेगळी आहे. २४७स्पोर्ट्सच्या मोजपट्टीवर साधारणपणे ९८ व त्यापुढे पाच तारे, ९० ते ९७ ला चार आणि ८० ते ८९ ला तीन तारे मिळतात. रायव्हल्सच्या परंपरागत मोजपट्टीवर पाच तारे म्हणजे ६.१ गुण असत. २४७स्पोर्ट्स पाच तारे मिळणाऱ्या खेळाडूंची संख्या सुमारे ३२ वर ठेवते, कारण व्यावसायिक लीगच्या (एनएफएलच्या) खेळाडू निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. म्हणजे हा तारा केवळ आजच्या खेळाचे माप नसून, मुलगा पुढे व्यावसायिक पातळीवर कोठपर्यंत पोहोचेल, याविषयीचे भाकीत आहे.

सर्वाधिक उद्धृत होणारी २४७स्पोर्ट्सची ‘कंपोझिट’ क्रमवारी या वेगवेगळ्या संस्थांची मते समान वाटा देऊन एकत्र करते आणि त्यांचे रूपांतर एकाच मोजपट्टीवर करते. या मोजपट्टीची कमाल मर्यादा १.०००० असून, सर्व संस्थांनी एकमताने पहिला ठरवलेल्या खेळाडूलाच ती गाठता येते. आपल्याला दिसलेले चार दशांश येथून येतात. त्यांचा उगम गणिती रूपांतरात आहे; मुळातील निरीक्षण मात्र डोळ्यांनी पाहून बनवलेले मत आहे. ०.९४१२ आणि ०.९३९८ या दोन खेळाडूंमध्ये मैदानावर फरक दाखवता येईल, असे समजण्याचे कारण नाही.

आता संख्येचा प्रश्न. सर्वांचे गुण सरळ बेरजेने मोजले, तर २८ मुले घेणारा संघ १८ मुले घेणाऱ्यावर केवळ गर्दीच्या जोरावर मात करील. सरासरी काढली, तर उत्तम अशी पाचच मुले घेणारा संघ पहिला येईल, जो व्यवहारात हास्यास्पद ठरेल. रायव्हल्सने अनेक वर्षे या पेचातून वाट काढताना केवळ सर्वोत्तम २० खेळाडूच हिशेबात धरले. दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’सारखाच हा उपाय आहे. त्याचा दोष उघड आहे : विसाव्या खेळाडूला पूर्ण मोल आणि एकविसाव्याला शून्य.

२४७स्पोर्ट्सचे सूत्र आपल्याला अधिक आवडेल, कारण त्यात प्रसामान्य वितरणाचा वक्र वापरलेला आहे. संघातील खेळाडू गुणांच्या उतरत्या क्रमाने मांडायचे, पहिल्याचे मोल पूर्ण धरायचे आणि पुढच्या प्रत्येकाचे मोल घंटाकृती वक्राच्या उताराप्रमाणे घटवत न्यायचे. उतार किती पसरट असावा, हे सर्व संघांच्या खेळाडूसंख्येच्या प्रमाण विचलनावरून, म्हणजे ती संख्या सरासरीभोवती किती पसरली आहे यावरून, ठरते. उदाहरणापुरते ते ९ धरले, तर दुसऱ्या खेळाडूचा भार सुमारे ०.९९, दहाव्याचा ०.६१, विसाव्याचा ०.११ आणि पंचविसाव्याचा ०.०३ येतो. सोळाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतच्या दहाही खेळाडूंचे भार एकत्र केले, तरी त्यांची बेरीज १.१३ च्या आसपासच राहते. म्हणजे शेवटचे दहा जण मिळून पहिल्या एका खेळाडूपेक्षा जेमतेम जास्त ठरतात. कोणाचेही मोल शून्य होत नाही आणि निव्वळ गर्दीला बक्षीसही मिळत नाही. माझ्या मते उपलब्ध पर्यायांत हा सर्वांत समंजस आहे. तरीही १५ आणि २५ खेळाडूंच्या तुकड्यांची तुलना करताना शेजारी दिलेली प्रतिखेळाडू सरासरी अवश्य पाहावी.

एक आक्षेप मात्र सूत्राने दूर होत नाही. अलाबामा किंवा जॉर्जियासारख्या बलाढ्य विद्यापीठाने एखाद्या मुलाला आपल्या संघात येण्याचा प्रस्ताव दिला की, त्याचे तारे वाढतात, अशी तक्रार वारंवार होते. निरीक्षकांचे म्हणणे असे की, उत्तम प्रशिक्षकाची पारख हाही एक पुरावाच आहे. हे म्हणणे चूक नाही. पण मग त्या विद्यापीठाचा क्रमांक काही अंशी त्याच्याच कीर्तीने वर चढतो, हेही मान्य करावे लागते.

प्रश्न : क्रमवारीत पहिला आलेला संघ पुढे खरोखर जिंकतो का?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : एका वर्षाच्या क्रमांकावरून फारसे काही सांगता येत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा २०२२ चा क्लास कंपोझिट सूत्रानुसार तोपर्यंतचा सर्वाधिक गुणांचा ठरला होता; त्याच वर्षीच्या हंगामात संघाने १२ पैकी केवळ ५ सामने जिंकले आणि पुढच्या हंगामात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना पदावरून दूर करण्यात आले. उलट, शालेय वयात ज्याला एकही तारा मिळाला नव्हता, तो जॉश अ‍ॅलन पुढे व्यावसायिक लीगमधील अव्वल क्वार्टरबॅक (संघाच्या आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू) झाला.

अनेक वर्षांचे चित्र मात्र वेगळे आहे. पत्रकार बड इलियट यांनी मांडलेल्या ‘ब्लू-चिप रेशो’त मागील चार क्लासमधील चार व पाच ताऱ्यांच्या खेळाडूंचे प्रमाण पाहिले जाते, आणि २०११ ते २०१९ या काळातील प्रत्येक राष्ट्रीय विजेत्याचे हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी, सुरू झाल्यापासून मात्र खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात सहज जाऊ लागले आहेत. त्यामुळे क्रमवारी देणाऱ्या संस्था आता शाळेतून येणाऱ्यांची आणि बदलून येणाऱ्यांची यादी वेगवेगळी लावून, दोन्ही मिळून एक एकत्रित क्रमांकही देतात. आपण संघाचे बळ जोखत असाल, तर तो एकत्रित क्रमांक पाहावा.