१९९१ सारखं देशाचं सोनं पुन्हा गहाण पडेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: देशावरचं कर्ज एवढं वाढलंय, तर १९९१ सारखी सोनं गहाण टाकायची वेळ पुन्हा येईल का, आणि मुदत ठेवी मोडून आत्ताच सोनं घेऊन ठेवावं का?

तशीच वेळ त्याच वाटेने येईल असं मला वाटत नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

त्या वर्षी मी फोर्टमधल्या एका बँकेत परकीय चलन विभागात होतो. भोसरीचे एक छोटे कारखानदार आमच्याकडे एलसी (परदेशी विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी) उघडायचे, बेअरिंग बाहेरून मागवायची म्हणून. ऑक्टोबर १९९० मध्ये रिझर्व्ह बँकेने आयातीवर ५० टक्के रोख मार्जिन लावलं, आणि एप्रिल १९९१ पर्यंत ते २०० टक्क्यांवर गेलं. म्हणजे एक लाखाचा माल मागवायचा तर आधी दोन लाख बँकेत अडकवून ठेवायचे. मी त्यांना परिपत्रक दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "साहेब, दोन लाख मोकळे असते तर मी तुमच्यासमोर कशाला बसलो असतो?" फाईल काखेत मारून निघून गेले. परकीय गंगाजळी, म्हणजे देशाकडचा डॉलरसारख्या परकीय चलनाचा साठा, संपणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. सोन्याची बातमी बाहेर फुटली ती नंतर.

सोन्याचा हिशेब असा: मे महिन्यात सरकारने जप्तीतलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या एका बँकेला विकलं, परत विकत घेण्याच्या बोलीवर. जुलैत रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातलं जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवलं आणि त्यावर ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं. २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला.

आखाती युद्धाने तेल महागलं, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली, हे सगळं खरं. पण त्या धक्क्याने कोसळावं इतकं घर आधीच पोखरलेलं होतं, आणि त्याचं एक कारण फारसं सांगितलं जात नाही. १९५५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँकेत एक सोय ठरली. सरकारच्या खात्यातली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की बँकेने आपोआप 'अ‍ॅड हॉक' (नडीपुरती) ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या कर्जाच्या चिठ्ठ्या, घ्यायची आणि खात्यात पैसे भरायचे. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. सोय तात्पुरती नड भागवण्यापुरती होती. पण वाण्याच्या वहीवर मांडून ठेवायची सवय लागली की महिनाअखेर कधीच येत नाही. बिलांची मुदत ९१ दिवसांची, व्याज १९७४ पासून ४.६ टक्क्यांवर गोठलेलं, आणि मुदत संपली की जुन्याच्या जागी नवं बिल. नवा पैसा असा बाजारात येत राहिला. त्यातून महागाई वाढली, आयात वाढली, आणि आयातीसाठी बाहेरून कर्ज काढावं लागलं. १९९०-९१ मध्ये केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास होती.

ही वही बंद करायला १९९७ उजाडलं. मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना १९९४ मध्ये करार झाला, तीन वर्षांत अ‍ॅड हॉक संपले. सुधारणांच्या गोष्टी सांगताना लोक परवाना राज संपल्याचं सांगतात. माझ्या लेखी हा करार त्याच्या तोडीचा आहे. २००६ पासून सरकारी रोख्यांच्या (सरकारच्या कर्जाच्या कागदांच्या) लिलावात रिझर्व्ह बँकेने थेट खरेदी करायची नाही, असाही नियम आहे.

आज गंगाजळी ६०० अब्ज डॉलरच्या वर आहे. जानेवारी १९९१ मध्ये ती जेमतेम सव्वा अब्ज होती. म्हणून सोनं गहाण पडण्याची भीती मला नाही.

मला खटकतं ते असं. रिझर्व्ह बँक कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार बँकेने महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, दोन टक्के वरखाली चालेल. सलग तीन तिमाही जमलं नाही तर बँकेने सरकारला लेखी कारण द्यायचं. २०२२ मध्ये ती पाळी आली, पत्र गेलं, पण ते लोकांसमोर आलं नाही. ज्यांच्या खिशातून महागाई जाते त्यांना ते वाचायला मिळायला हवं होतं. दुसरं, रिझर्व्ह बँकेने सरकारला दिलेला वरकड नफा, म्हणजे तिचा खर्च आणि तरतुदी भागवून उरलेला पैसा. २०१८-१९ चा १.७६ लाख कोटी होता, २०२४-२५ चा २.६९ लाख कोटी. नियमात बसवूनच दिलाय, त्यात लपवाछपवी नाही. पण केंद्राच्या खर्चातल्या दर चार रुपयांतला जवळजवळ एक रुपया व्याजात जातो, आणि अशा वेळी अर्थसंकल्प या पैशाच्या भरवशावर बेतला जायला लागला तर बँकेवर दरवर्षी थोडा थोडा दाब येणार. अ‍ॅड हॉकची सुरुवातही सोय म्हणूनच झाली होती.

आता तुमच्या ठेवींबद्दल. १९९१-९२ मध्ये महागाई १३ टक्क्यांच्या वर गेली, आणि सामान्य ठेवीदाराचं नुकसान झालं ते त्यामुळे, सोनं गहाण पडल्यामुळे नाही. म्हणून त्या भीतीने ठेवी मोडू नका. एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंतच विमा आहे, म्हणून त्याहून मोठी रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. थोडं सोनं असू द्या, सगळं नको. आणि दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं तेव्हा रेपो दराबरोबर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) महागाईचा अंदाजही वाचा. तुमच्या ठेवीचं व्याज त्या आकड्याच्या खाली गेलं, तर काळजीचं कारण तिथे आहे.