पुरानंतर मैलापाण्याचं काय करायचं? आधी अडवा, मग शुद्ध करा

तुम्ही विचारलंय की पुरात सांडपाणी प्रकल्प बंद पडला आहे, दुरुस्तीला काही महिने जातील, तर तोवर कंटेनरमधला तयार प्रकल्प भाड्याने आणून भागेल का. पुढे भागेल, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पूरग्रस्त वस्त्यांमध्ये मैला हाताळण्याचं काम मी केलं आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो.

असे प्रकल्प जिवाणूंच्या जोरावर चालतात. जिवाणूंची पुरेशी वाढ व्हायलाच दोन ते चार आठवडे लागतात. त्यांना सतत हवा लागते, म्हणजे अखंड वीज लागते. येणारं पाणीही रोज साधारण सारखंच असावं लागतं. पूर ओसरत असताना गटारात बाहेरचं पाणी आणि चिखल शिरत असतो, वीज तर बेभरवशाचीच. एका छावणीत असा संच बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी जनरेटरचं डिझेल संपलं, हवा बंद पडली आणि टाकीतलं पाणी सडलं. तिकडे सगळ्यांचं लक्ष संचाकडे, आणि मैला शेजारच्या ओढ्यात जातच होता. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तेव्हा पहिल्या दिवसापासून एकच बघा: मैला माणसांच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या वाटेत येता कामा नये. सुरुवातीला निदान ५० माणसांमागे एक शौचालय आणि लवकरच २० माणसांमागे एक, हा मदतकार्यातला सर्वमान्य हिशेब आहे. खड्डा विहिरीपासून ३० मीटर लांब आणि त्याचा तळ भूजलापेक्षा दीड मीटर वर असावा लागतो. पुरानंतर जमीनच पाण्याने तुडुंब असते, तिथे हे जमत नाही. मग चौथरा उंच करून खाली बंद टाकी किंवा पिंप ठेवायचं आणि ते भरलं की उपसून न्यायचं. बायकांची शौचालयं वेगळी, आतून कडी आणि रात्री दिवा हवाच, नाहीतर ती वापरली जात नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी यात मिसळू देऊ नका, टाकी उगाच भरते.

उपसलेल्या मैल्याला चुना हा माझ्या अनुभवातला सगळ्यात भरवशाचा उपाय. विरवलेला चुना पाण्यात कालवून मैल्यात घालायचा, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, १२ च्या वर न्यायचा आणि निदान दोन तास तिथेच टिकवायचा. हजार लिटर मैल्याला साधारण १० ते २० किलो चुना लागतो, पण दर खेपेचा मैला वेगळा असतो, म्हणून आधी बादलीभर घेऊन पीएचच्या पट्टीने तपासा. खरी मेख ढवळण्यात आहे. वरून चुना ओतून सोडून दिला तर वरचा थर पांढरा होतो आणि खालचा तसाच राहतो. त्यामुळे टाकीच्या तळातलाही नमुना काढून बघा. ढवळताना अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो, चुन्याने कातडी आणि डोळे भाजतात. गॉगल, हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याचं पिंप असल्याशिवाय कुणालाही त्या टाकीजवळ उभं करू नका. एक मर्यादाही लक्षात ठेवा: दोन तासांत बहुतेक जिवाणू मरतात, जंतांची अंडी मरत नाहीत. म्हणून हा गाळ शेतात टाकू नका.

गटारातून वाहत येणाऱ्या सांडपाण्यासाठी मात्र आधी गाळ खाली बसवा आणि मगच क्लोरीन द्या. कच्च्या मैलापाण्यात ब्लीचिंग पावडर ओतणं म्हणजे ती फुकट घालवणं, कारण घाणच क्लोरीन खाऊन टाकते आणि कणांच्या आतले जंतू वाचतात. नुसत्या संथ टाकीत निम्म्याच्या आसपास तरंगते कण खाली बसतात. त्यानंतर क्लोरीनला अर्धा तास द्या. २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या सेंदाई शहराचा मिनामी-गामो प्रकल्प उद्ध्वस्त झाला, तेव्हा तिथल्यांनी हाच क्रम धरला. शहराचं सुमारे ७० टक्के सांडपाणी त्याच प्रकल्पाकडे यायचं. आधी फक्त गाळ बसवणं आणि क्लोरीन, मग त्यावर साधी जैविक प्रक्रिया, आणि पूर्ण प्रकल्प २०१६ मध्ये उभा राहिला. पाच वर्षं ते टप्प्याटप्प्याने पुढे गेले, पण सांडपाणी एक दिवसही थांबत नाही हे त्यांनी पहिल्यापासून ध्यानात ठेवलं.

तुमचा कंटेनरमधला संच या टप्प्यानंतर आणा. शेजारच्या चालू प्रकल्पातून टँकरभर जिवंत गाळ, म्हणजे कामाच्या जिवाणूंनी भरलेला गाळ, आणून त्यात टाकलात तर तो बऱ्याच लवकर कामाला लागतो.

ज्यांच्या घरी सेप्टिक टँक आहे त्यांना आजच सांगा की जमीन ओली असेपर्यंत टँक पूर्ण रिकामा करू नका. भोवतीच्या पाण्याच्या दाबाने रिकामा टँक वर उचलला जातो आणि पाइप तुटतात. खालच्या मजल्यावरच्या संडासातून मैला उलटा वर येत असेल तर भांड्यावर वाळूची पिशवी ठेवा.

आणि तुंबलेल्या चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त असला की नाक बधिर करतो, मग वासही येत नाही आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. वरून पाण्याचा जोर मारा, मशीन मागवा, दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा.